पाळी बंद होतानाचा त्रास आणि हार्मोनची औषधं : सोलापूरच्या बायकांनी इथे लिहा

भाकरी_तवा | १२ मे

नमस्कार मंडळी. वय ४९, जुळे सोलापूर. घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं काम आहे. आमच्याकडे भाकरी थापायला येणाऱ्या दोघींनी गेल्या आठवड्यात जे सांगितलं, तेच मी दोन वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून आज बसून सगळं लिहितेय.

मे महिना, बाहेर पारा ४३, समोर दोन तवे. अंगातून वाफा निघायच्या तेव्हा मला वाटायचं तव्याचीच धग आहे. पण मग डिसेंबर आला. पहाटे चादर घेऊन झोपलेली असताना छातीतून एक गरम लाट वर चढायची, मान, कान, कपाळ. केस मुळापासून ओले, गाऊन पिळावा इतका भिजलेला. दोन मिनिटांनी त्याच घामाची थंडी वाजायची आणि काढून फेकलेली चादर परत ओढायची. एका रात्रीत पाच-सहा वेळा. सकाळी उठल्यावर कुणाचा आवाजसुद्धा सहन व्हायचा नाही. लग्नाच्या ऑर्डरची दहा किलो चटणी केली आणि मीठ दोनदा घातलं. सगळी टाकून दिली. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मोरीत जाऊन रडले.

पहिल्या डॉक्टरांनी ‘वय झालं की होतंच, मन रमवा’ म्हणून ताकदीच्या गोळ्या दिल्या. नणंदेने दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी आधी अर्धा तास नुसतं विचारलं. शेवटची पाळी कधी? (सव्वा वर्ष झालं होतं.) गर्भाची पिशवी आहे की काढली? पाळी गेल्यावर परत कधी डाग दिसले का? पायाच्या शिरेत कधी रक्ताची गाठ झाली होती का? घरात स्तनाचा कॅन्सर कुणाला? अटॅक, पॅरालिसिस, कावीळ, मायग्रेन? सिगारेट, तंबाखू, मिश्री? मग बीपी, वजन, छातीची तपासणी, मॅमोग्राफी, पोटाची सोनोग्राफी, पॅप तपासणी, साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड. हार्मोनची रक्ततपासणी मात्र लिहिली नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ४५ च्या पुढे पाळीचा हिशेब आणि त्रास एवढ्यावरूनच कळतं, तो आकडा आज एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरा येतो.

सगळं बघून दोन औषधं दिली. सकाळी दंडाला लावायचं इस्ट्रोजेनचं जेल आणि रात्री झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. तिसऱ्या आठवड्यात वाफा निम्म्यावर आल्या. अडीच महिन्यांनी एकदा जाग आली तर उजाडलेलं होतं. नवऱ्याला उठवून सांगितलं, मी झोपले होते. पहिले दोन महिने मधूनमधून डाग दिसले. तसं होईल हे आधीच सांगितलेलं होतं, आणि सहा महिन्यांनंतरही दिसले तर तपासावं लागेल हेही. आता सात महिने झाले.

ज्यांनी घेतलंय, ज्यांना घ्यायची भीती वाटते, सगळ्यांनी लिहा.

होटगी_रोड | १२ मे

ताई, माझंच लिहिलंय असं वाटलं. वय ५१, शाळेत शिकवते. वर्गात फळ्यावर लिहिताना वाफ येते आणि मी पोरांकडे पाठ करून उभी राहते. डॉक्टरांनी हेच औषध सुचवलं होतं पण चिठ्ठी पर्समध्ये तशीच पडून आहे. सगळे म्हणतात कॅन्सर होतो.

मंगळवेढेकर | १२ मे

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या आईला, आजीला काय झालं नाही का? निसर्गाने पाळी दिली, निसर्गाने नेली. त्यात बाहेरचे हार्मोन कशाला घालायचे? ही औषधं गरम पडतात. शतावरी घ्या, दूध-तूप खा, ज्वारीची भाकरी खा.

भाकरी_तवा | १३ मे

मंगळवेढेकर, राग कशाला. पण आईला काय झालं नाही असं म्हणू नका. माझी आई पन्नाशीत रात्री अंगणात येऊन बसायची. आम्ही म्हणायचो आईला उकडतं. तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, एवढंच. साठीत न्हाणीघरात घसरली, मांडीचं हाड मोडलं, नंतर काठीशिवाय चालली नाही. पाळी गेल्यावर हाडं भराभर ठिसूळ होतात हे मला आता कळलं.

आणि बाहेरच्या हार्मोनचं म्हणाल तर एक विचारते. गड्ड्याच्या यात्रेत, घरच्या लग्नात, सत्यनारायणाला, पंढरीला निघताना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या किती जणींनी घेतल्यात? मी स्वतः सात-आठ वेळा घेतल्यात. मेडिकलमधून सुनेकरवी मागवल्यात, डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. ते हार्मोनच आहेत. तिथे आपल्याला भीती वाटत नाही आणि बाई सहा महिने झोपली नाही तर तिथे वाटते. माझा सगळा जीव या एका गोष्टीवर आहे. नको असेल तर घेऊ नका, पण विचारून ठरवा, ऐकून नाही.

डॉक्टरताई_सोलापूर | १३ मे

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे नाव न घेता लिहिते. कुणाला तपासल्याशिवाय औषध सांगणार नाही, पण भीती कुठून आली ते सांगते.

अमेरिकेत १६,६०८ बायकांवर एक मोठा अभ्यास चालू होता, तो जुलै २००२ मध्ये मध्येच थांबवला. दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर, हृदयविकार, स्ट्रोक आणि रक्ताच्या गाठी जास्त दिसल्या. बातमी जगभर गेली आणि रातोरात बायकांनी औषधं बंद केली. आमच्यासारख्या डॉक्टरांनीही चिठ्ठ्या लिहिणं सोडलं. पण आकडा काय होता? दरवर्षी १०,००० बायकांमागे औषध न घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या ३० केसेस, घेणाऱ्यांत ३८. मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर मात्र १५ वरून १० वर आलं. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटलेली. औषधही गोळीतलं, गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला एक कृत्रिम हार्मोन. आज आपण बहुधा शरीरात असतं तेच इस्ट्रोजेन, म्हणजे इस्ट्रॅडिऑल, आणि तेच प्रोजेस्टेरॉन वापरतो.

म्हणजे धोका नाहीच, असं मी म्हणणार नाही. २०१९ च्या एका मोठ्या विश्लेषणाचा हिशेब असा : पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन रोज घेतले, तर पुढच्या वीस वर्षांत साधारण ५० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरची एक केस जास्त. हे मी प्रत्येकीला सांगते आणि मग तिलाच विचारते, तुला त्रास किती आहे? ६० च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं व्हायच्या आत सुरू केलं आणि त्रास खरा असेल, तर बहुतेक निरोगी बायकांना फायदा जास्त असतो. साठी ओलांडल्यावर नव्याने सुरू करायचं असेल तर हिशेब बदलतो.

कुणी घेऊ नये : स्तनाचा कॅन्सर झालेला, कारण न कळलेला रक्तस्राव, यकृताचा चालू आजार, नुकता झालेला अटॅक किंवा स्ट्रोक. पायात किंवा फुप्फुसात गाठ झालेली असेल तर गोळी नकोच. इस्ट्रोजेनची गोळी आधी यकृतातून जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. जेल कातडीतून सरळ रक्तात जातं, म्हणून नेहमीच्या डोसमध्ये गाठींचा धोका वाढलेला दिसत नाही. वजन जास्त, बीपी, मायग्रेन असलेल्यांना मी जेलच देते.

होटगी_रोड | १३ मे

डॉक्टरताई, ३० आणि ३८. मला कुणीतरी आकडा सांगायला हवा होता. माझी थायरॉईडची गोळी चालू आहे, त्याचं काय?

डॉक्टरताई_सोलापूर | १३ मे

इस्ट्रोजेन गोळीच्या रूपात घेतलं तर थायरॉईडच्या गोळीचा डोस वाढवावा लागू शकतो. सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या. जेलने सहसा तसं होत नाही.

दयानंद_रोडचा_दादा | १५ मे

मी पुरुष आहे, इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. बायको ४६ ची. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी वीस दिवसांनी. झोप नाही, चिडचिड, मग एकटीच रडते. मी आधी भांडायचो, आता हा धागा वाचून गप्प झालोय. पाळी पूर्ण जायच्या आधी हे औषध देतात का?

डॉक्टरताई_सोलापूर | १५ मे

देतात. पाळी चालू असताना प्रोजेस्टेरॉन बहुधा महिन्यातले बारा ते चौदा दिवस देतात आणि त्यानंतर पाळीसारखं अंगावर जातं. पण आधी थायरॉईड आणि हिमोग्लोबिन बघा. पाळी अनियमित आहे म्हणून हार्मोनवर बोट ठेवतो आणि खाली सातचं हिमोग्लोबिन निघतं, असं मी नेहमी बघते. दुसरं, हे औषध म्हणजे गर्भनिरोधक नाही. पन्नाशीच्या आत शेवटची पाळी गेल्यावर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावीच लागते. मनाची उदासी फार असेल तर तेही वेगळं सांगा, त्याला वेगळे उपचार आहेत.

भाकरी_तवा | १५ मे

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. डॉक्टरकडे वहिनींच्या सोबत आत जा, बाहेर बाकड्यावर बसू नका. रात्री घामाने किती वेळा उठतात ते तुम्ही सांगू शकता, त्या कमीच सांगतील.

अशोक_चौक | १८ मे

अक्का, मी पूर्व भागातली. आमच्या घरात बिड्या वळायचं काम. २०२१ ला मला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. त्या गोळीपासून वाफा इतक्या येतात की तंबाखूच्या सुपासमोर बसवत नाही. तुमचं वाचून जेल लावावं वाटलं. लावू का?

डॉक्टरताई_सोलापूर | १८ मे

नाही, अक्का. तुम्ही अजिबात लावायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. पण म्हणून सोसत बसायचंही नाही. वाफांवर हार्मोन नसलेली औषधं आहेत, व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्रीसाठी गॅबापेन्टिन. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना हा त्रास स्पष्ट सांगा. एक लक्षात ठेवा. पॅरॉक्सेटिन नावाची गोळी कुणी वाफांसाठी दिली तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे त्यांना सांगा, कारण ती टॅमॉक्सिफेनचं काम कमी करते. बाजारातली ‘बायकांच्या त्रासावर’ म्हणून मिळणारी चूर्णंही विचारल्याशिवाय नकोत.

अशोक_चौक | १८ मे

बरं झालं विचारलं. शुक्रवारी दाखवायला जायचंय, हा धागाच मोबाईलवर दाखवते.

अक्कलकोट_नाका | २१ मे

सगळं वाचून छातीत धडधड होतेय. माझ्या मोठ्या जाऊबाई, वय ५३, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या पुण्याच्या बहिणीला जेलने आराम पडला म्हणून तिने यांनाही नळ्या पाठवल्या. नऊ महिने रोज लावतात. वाफा गेल्या, झोप लागते, खूश आहेत. पण कॅप्सूल नाही, फक्त जेल. त्या बहिणीची पिशवी काढलेली आहे, जाऊबाईंची आहे. आणि गेल्या पंधरवड्यापासून त्यांना डाग दिसतायत. त्या म्हणतात पाळी परत आली, तरुण झाले मी.

भाकरी_तवा | २१ मे

उद्याच्या उद्या घेऊन जा. हातातलं काम टाका.

डॉक्टरताई_सोलापूर | २१ मे

भाकरीताई बरोबर सांगतायत. इस्ट्रोजेन पिशवीचं आतलं अस्तर वाढवतं. पूर्वी ते वाढलेलं अस्तर पाळीत निघून जायचं. एकटं इस्ट्रोजेन मिळत राहिलं तर ते वाढतच जातं आणि त्यातून पिशवीचा कॅन्सर होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालतं. म्हणून पिशवी असेल तर दोन्ही हवीत, पिशवी काढलेली असेल तर बहुधा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. बहिणीचं औषध बहिणीसाठी बरोबर होतं, यांच्यासाठी नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचे बरेच ठळक इशारे काढायचं ठरवलं, पण एकट्या इस्ट्रोजेनने पिशवीच्या कॅन्सरचा जो धोका आहे, तो इशारा ठेवला.

पाळी पूर्ण थांबून वर्ष झाल्यावर आलेला एक थेंबही तपासायचा असतो. खालच्या मार्गाने सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात आणि गरज पडली तर बारीक नळीने नमुना घेतात. घाबरवू नका त्यांना, पण दिवस घालवू नका. सिव्हिलच्या ओपीडीत गेलात तरी चालेल.

मोहोळची_लेक | २४ मे

माझ्या वहिनीचं विचारायचंय. ऊसतोडीला जायची. ३४ व्या वर्षी पिशवी काढली, अंडाशयही काढली. आता ३८ ची आहे, सांधे धरलेत, चेहरा साठीचा दिसतो. तिला कुणी काही औषध दिलंच नाही.

डॉक्टरताई_सोलापूर | २४ मे

हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण अशा बायका मी दर महिन्याला बघते. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारने समितीही नेमली. पण ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलं, त्यांच्या पुढच्या आयुष्याचं काय, हे विचारायला कुणी गेलं नाही. ताई, ३८ व्या वर्षी हे औषध म्हणजे चैन नाही. शरीराला ज्या वयापर्यंत इस्ट्रोजेन मिळायला हवं होतं, ते परत देणं आहे. ते दिलं नाही तर हाडं आणि हृदय दोन्हीवर परिणाम होतो. २००२ चे ते आकडे पन्नाशीपुढच्या बायकांचे आहेत, तिला लागू पडत नाहीत. देऊ नये असं दुसरं काही कारण नसेल, तर पाळी नैसर्गिकरीत्या जाण्याच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत द्यावं असंच मार्गदर्शन आहे. ऑपरेशनचा कागद शोधा. अंडाशय खरंच काढली का, ते त्यावर लिहिलेलं असतं.

मंगळवेढेकर | २५ मे

मी वर निसर्गाचं लिहिलं होतं. या वहिनींचं वाचलं आणि थांबले. हे निसर्गाने नेलेलं नाही. माझे शब्द मागे घेते.

मला स्वतःला वाफांचा त्रास नाही, पण लघवीला वारंवार जळजळ होते. वर्षात चार वेळा अँटिबायोटिक झालं. त्याचा याच्याशी संबंध असतो का?

डॉक्टरताई_सोलापूर | २५ मे

असतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथली कातडी पातळ आणि कोरडी पडते, जंतू लवकर धरतात. त्यासाठी आतून लावायचं कमी ताकदीचं इस्ट्रोजेन क्रीम असतं. ते रक्तात फार थोडं जातं, बहुधा प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. संकोच न करता डॉक्टरांना सांगा. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर तेही सांगा, त्यालाही हेच उपयोगी पडतं.

भाकरी_तवा | २८ मे

जेल लावणाऱ्यांसाठी माझ्या हातची एक गोष्ट. पहिल्या महिन्यात मी जेल लावून लगेच पुतण्याच्या सव्वा वर्षाच्या बाळाला कडेवर घ्यायची, उघड्या दंडावर त्याचा गाल. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं की हे चालत नाही. लहान मुलाच्या कातडीतून ते त्याच्या अंगात जातं. आता मी आंघोळ करून, अंग कोरडं करून दंडाच्या बाहेरच्या बाजूला पसरून लावते, चोळत नाही. पाच मिनिटं पंख्याखाली उभी राहते, हात साबणाने धुते, मगच बाहीचा ब्लाऊज घालते आणि पिठाला हात लावते. तासभर तिथे पाणी लागू देत नाही. छातीवर कधीच लावायचं नाही.

कॅप्सूलचं म्हणाल तर, काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. शेंगाची ॲलर्जी असलेल्यांनी डबीवर वाचा.

अक्कलकोट_नाका | १९ जून

धागा वर काढतेय, उत्तर द्यायचं राहिलं. दुसऱ्याच दिवशी जाऊबाईंना नेलं. जेल बंद केलं. सोनोग्राफीत अस्तर ११ मिलिमीटर निघालं. डॉक्टर म्हणाल्या पाळी गेल्यावर रक्त गेलं आणि जाडी ४ च्या वर असली की नमुना घेतात. घेतला. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत जाऊबाईंनी कपाटातले दागिने काढून कुणाला काय द्यायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं.

रिपोर्ट आला. अस्तर वाढलंय, पण कॅन्सरच्या पेशी नाहीत, तशी लक्षणंही नाहीत. पिशवीत बसवायचं प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनचं साधन बसवलं. सहा महिन्यांनी परत नमुना घेणार. वाफा परत सुरू झाल्यात, पण त्यावर काय करायचं ते पुढच्या रिपोर्टनंतर ठरवू म्हणाल्या. पुण्याच्या बहिणीशी त्या बोलत नाहीत. मी समजावतेय, तिने प्रेमानेच पाठवलं होतं.

भाकरी_तवा | १९ जून

देवा. किती दिवस तुमच्याच विचारात होते. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्या बहिणीचा नंबर त्यांच्याच हाताने लावून द्या.

होटगी_रोड | २ जुलै

पर्समधली चिठ्ठी काढली. आधी मॅमोग्राफी, सोनोग्राफी, सगळं केलं, सगळं ठीक. परवापासून जेल आणि कॅप्सूल दोन्ही सुरू. तीन महिन्यांनी दाखवायला बोलावलंय, मग दरवर्षी. एकच अडचण आहे. कॅप्सूलने चांगलीच गुंगी येते. आमच्याकडे पाच दिवसांआड पाणी, तेही रात्री साडेबारा-एकला. काल घेतली आणि टाकी भरायला उठलेच नाही.

भाकरी_तवा | २ जुलै

आमच्याकडेही तेच. डॉक्टरांना विचारलं होतं, रोज झोपायच्या आधी घ्यायची, घड्याळात तास-दोन तास मागेपुढे चालतं. पाणी यायच्या रात्री मी टाकी भरून, मोटर बंद करून, मग घेते. डबी मोटरच्या बटणाशेजारीच ठेवलीय.